वही मुलाची, फाइल संस्थेची: पुण्यातल्या बालगृहांसाठी एक खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, बालकल्याण समिती, पुणे,
मा. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, पुणे,
तसेच शहरातल्या बालगृहांचे सर्व अधीक्षक आणि अधीक्षिका यांस,

स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की बालगृहांच्या कार्यालयात उपक्रमांचे प्रस्ताव येऊ लागतात. कंपन्यांचे स्वयंसेवक येतात, समाजकार्याचे विद्यार्थी येतात, हौशी कलाकार येतात. हल्ली त्यात एक प्रस्ताव हमखास असतो: चित्र, लेखन, नाट्य यांतून मुलांकडून ‘माझी गोष्ट’ काढून घ्यायची. दोन दिवस कार्यशाळा, तिसऱ्या दिवशी प्रदर्शन, शक्यतो बालदिनाला धरून. हेतूबद्दल आमची तक्रार नाही. पण या स्वरूपात तो प्रस्ताव मंजूर करू नये, अशी आमची विनंती आहे. हेच काम नीट करायचे तर काय लागते, ते आम्ही, म्हणजे बारा ते सतरा वयाच्या मुलांबरोबर हे उपक्रम घेणारे समुपदेशक आणि कलाशिक्षक, इथे मांडत आहोत.

मुळात हे करायचे कशासाठी? दोन-तीन संस्था, तितक्याच शाळा आणि मधूनमधून काका-मावशीचे घर असा प्रवास झालेल्या मुलाकडे आठवणींचे तुकडे असतात, त्यांचा क्रम नसतो. घरात वाढणाऱ्या मुलाला हा क्रम कोणी बसवून शिकवत नाही. ‘तू तेव्हा एवढासा होतास, गॅलरीतून चपला खाली टाकायचास’ हे जेवताना दहा वेळा ऐकून तो आपसूक लागतो. संस्थेत हे सांगणारे माणूस टिकत नाही, काळजीवाहक बदलतात, मैत्रिणी दुसऱ्या जिल्ह्यात जातात. मग मधल्या मोकळ्या जागा मूल स्वतःच भरते आणि बहुतेक वेळा दोष स्वतःकडे घेऊन भरते. मी हट्ट केला म्हणून आई गेली, मी पळालो म्हणून भावाला वेगळे ठेवले. फाइलमध्ये खरे कारण असते, पण फाइल कार्यालयातल्या कपाटात असते आणि तिची भाषा आदेशाची असते.

ब्रिटनमध्ये दत्तक किंवा प्रतिपालक कुटुंबात जाणाऱ्या मुलांबरोबर सामाजिक कार्यकर्ते कित्येक दशके जीवनकथेची वही, म्हणजे मुलाच्या आयुष्यातल्या जागा, माणसे आणि घटना क्रमाने मांडणारी वही, करत आले आहेत. 1990 च्या दशकात युगांडात एचआयव्हीबाधित आयांनी आपल्या माघारी मुलांना वाचता यावे म्हणून स्मृतिवह्या लिहिल्या. पद्धती तयार आहेत, पण त्या जशाच्या तशा उचलून चालत नाही. आपल्याकडे एका समुपदेशकावर अख्खी संस्था असते, एकेका मुलाला वर्षभर वेगळा वेळ देणे शक्य नसते. म्हणून गट करावा लागतो, आणि गट आला की काही बंधने आपोआप येतात.

गटात सहा मुले असावीत, फार तर आठ. वयातले अंतर तीन वर्षांच्या आत. आठवड्यातून एकदा सव्वा तास, असे दहा ते बारा आठवडे. वार, खोली आणि घेणारी व्यक्ती बदलू नये. पहिले तीन आठवडे मुले काम करत नसतात, ती ताईची किंवा दादाची परीक्षा घेत असतात: ही पुढच्या आठवड्यात येते का, मी कागद फाडला तर ओरडते का, मी सांगितलेले गृहमातेपर्यंत पोचते का. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ही परीक्षा पुरीच होत नाही. मग मुले पाहुण्यांना हवे ते देतात. लाल छपराचे घर, दोन डोंगर, मधून नदी, खाली ‘माझे स्वप्न डॉक्टर होण्याचे आहे’. आणि एखादे मूल पहिल्याच दिवशी सगळे भडाभडा सांगून मोकळे होते. ते जास्त धोक्याचे, कारण ऐकणारे दुसऱ्या दिवशी निघून जातात आणि ऐकलेली बाकीची पाच मुले त्याच खोलीत झोपतात.

वेळापत्रकाबद्दल एक गोष्ट आवर्जून. सुरुवात जूनच्या अखेरीस, शाळेची घडी बसल्यावर करावी, गणपतीत एक आठवडा सोडावा, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तीन आठवडे तरी काम संपलेले असावे. सुट्टीत काही मुलांना न्यायला घरून कोणीतरी येते आणि काहींना येत नाही. त्या आठवड्यात कोणाच्याही हातात ‘माझे घर’ या विषयाचा कागद नको.

आता कामाचा क्रम. जन्मापासून सुरुवात करणे ही सर्वांत सोपी वाटणारी आणि सर्वांत नडणारी वाट आहे. पहिल्या पानावर ‘माझा जन्म’ लिहिले की ज्याला जन्मगाव माहीत नाही, ज्याच्याकडे तान्हेपणाचा फोटो नाही, त्याची वही पहिल्याच दिवशी कोरी राहते आणि शेजारच्याची भरते. वंशावळीचे झाड याच कारणासाठी टाळावे. शाळेत ‘माझे कुटुंब’ वरून जे व्हायचे ते झालेले असते, तेच इथे पुन्हा नको. सुरुवात आजपासून करावी. तळहात कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढायची आणि पाच बोटांत पाच गोष्टी: आज खाल्लेले, आज हसू आले ते, कोणाशी भांडण झाले, शाळेच्या वाटेवरचे एक दुकान, अंथरुणाशेजारी कोण झोपते. यात चुकायला जागाच नसते. दुसऱ्या आठवड्यात या खोलीचा नकाशा, तिसऱ्यात याआधी राहिलेल्या जागेचा. ‘तुला तिथे कसे वाटायचे?’ असे विचारले तर उत्तर येते ‘बरे’. ‘चूल कुठल्या कोपऱ्यात होती? दार आत उघडायचे की बाहेर? रात्री दिवा कोण घालवायचे?’ असे विचारले की मूल कागदावर ओणवे होते आणि वीस मिनिटे बोलत राहते.

चौथ्या आठवड्यापासून कालरेषा घेता येते, पण सरळ रेषेऐवजी पीएमपीच्या बसमार्गासारखी. पुण्यातल्या मुलाला थांबे समजतात. कार्डशीटच्या दहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून एकमेकींना जोडायच्या. प्रत्येक मुक्काम हा एक थांबा, आणि प्रत्येक थांब्याची चिठ्ठी वेगळी. चिठ्ठीवर चारच नोंदी: जागा कुठली, इथे कोण चढले, कोण उतरले, पुढे जाताना माझ्याबरोबर काय आले. ‘काय आले’ मध्ये वस्तूही चालते आणि सवयही, अंगावरचा व्रणसुद्धा. चिठ्ठ्या चिकटवू नयेत, मास्किंग टेपने अडकवाव्यात. दोन-तीन आठवड्यांत मुले थांबे उलटसुलट करतात, मध्ये नवा घुसवतात, एखादा काढून खिशात ठेवतात. डिंकाने पक्के केले की क्रम चुकला म्हणून पूर्ण पट्टी चुरगाळली जाते. नेहमीची आणखी एक अडचण म्हणजे मुले आजचा थांबा शेवटचा धरतात. म्हणून पट्टीला सुरुवातीलाच दोन कोऱ्या चिठ्ठ्यांची जागा जास्त ठेवावी आणि त्याबद्दल काहीही बोलू नये.

लेखनासाठी आपल्याकडे एक तयार साचा आहे आणि तो परदेशातल्या कुठल्याच पुस्तिकेत सापडणार नाही: शाळेतला आत्मवृत्ताचा निबंध. फाटक्या छत्रीचे मनोगत, नदीचे आत्मवृत्त, शाळेची घंटा बोलते आहे. आठवीतल्या कोणत्याही मुलाला हा प्रकार येतो, आणि त्याचा मोठा गुण असा की ‘मी’ म्हणणारी छत्री असते, मूल नसते. दप्तर बोलते तेव्हा दप्तराचा मालक किती वेळा रडला हे सांगता येते, आणि उद्या कोणी चिडवले तर ‘ते दप्तर बोलले’ असे म्हणून हात झटकता येतात. ही आडोशाची जागा फार मोलाची आहे. कृपया कोणी उत्साहाने ‘म्हणजे हे तुझ्याबद्दलच ना?’ असे विचारून ती मोडू नये.

अडचण मात्र आहे. गाइडमधली वाक्ये मुलांच्या बोटांत बसलेली असतात. ‘अहो, थांबा! ओळखलेत का मला?’ अशी सुरुवात आणि शेवटी उपदेश. त्यासाठी तीन नियम घालावेत. पहिले वाक्य जागेच्या नावाने सुरू झाले पाहिजे. कुठेतरी एक वास आला पाहिजे. आणि त्या वस्तूला न कळलेली एक गोष्ट लिहिली पाहिजे. तिसरा नियम खरे काम करतो. ‘रात्री दार का वाजले ते चपलेला माहीत नाही, ती बाहेर होती.’ असे वाक्य एकदा उतरले की मुलाला न कळलेल्या गोष्टींनाही कागदावर जागा मिळते. लांबी आठ ते दहा वाक्ये, त्याहून जास्त नको. लांबले की पुन्हा उपदेश सुरू होतो. शुद्धलेखन तपासू नये, लाल पेन खोलीत आणूच नये. ज्याला लिहिता येत नाही किंवा ज्याची घरची भाषा मराठी नाही, त्याने आपल्या भाषेत सांगावे, मोठ्यांनी तसेच्या तसे उतरवावे आणि वाचून दाखवावे.

वस्तूंची सवय लागावी म्हणून बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची एक फेरी उपयोगी पडते. तिथे राजेरजवाड्यांपेक्षा घरातल्या वस्तू जास्त भेटतात: अडकित्ते, दिवे, भांडी, कोरीव दारे. दोनच दालने पाहावीत, पाऊण तासात बाहेर पडावे, आणि प्रत्येकाने एकाच वस्तूसमोर दहा मिनिटे बसावे. सगळे संग्रहालय दाखवण्याच्या नादात मुले दमतात आणि परत आल्यावर कोणाला काहीच आठवत नाही. दिनकर केळकरांनी हे संग्रहालय लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभारले आणि पुढे राज्य शासनाच्या हवाली केले. ही हकिकत मुलांना जाण्याआधी सांगावी की नाही, याबद्दल आमच्यात एकमत नाही.

‘जीवनवृक्ष’ हा प्रकार तुमच्यापैकी अनेकांनी प्रशिक्षणात पाहिला असेल. झिम्बाब्वेच्या एनकाझेलो एनक्युबे आणि ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड डेनबरो यांनी तो एड्समुळे आईवडील गमावलेल्या मुलांसाठी घडवला. मुळे म्हणजे आलो तिथून, जमीन म्हणजे रोजचे जगणे, खोड म्हणजे येणाऱ्या गोष्टी, फांद्या म्हणजे इच्छा, पाने म्हणजे माणसे, फळे म्हणजे मिळालेले. सगळ्यांची झाडे भिंतीवर लावून जंगल झाल्यानंतरच वादळांबद्दल बोलायचे, तेही ‘वादळात आपण काय काय करतो’ असे सर्वांचे मिळून. घाईत हा क्रम उलटा होतो, आधी दुःख विचारले जाते आणि झाड राहूनच जाते. मुळांपाशी अडणाऱ्या मुलाला वड काढायला सांगावे, म्हणजे नंतर भेटलेली माणसे पारंब्यांवर लिहिता येतात. झाडे त्याच दिवशी भिंतीवरून उतरवून ज्याची त्याला द्यावीत.

कागदपत्रांची माहिती मुलापर्यंत पोचवणे हा सर्वांत नाजूक भाग, आणि इथे तुमच्या कार्यालयाची मदत लागते. गट सुरू होण्याआधी समुपदेशकाने फाइलमधून एका पानावर साध्या वाक्यांत तारखा काढून ठेवाव्यात: संस्थेत प्रवेश, बदल्या, शाळांचे दाखले, रुग्णालयात राहणे, भावंडे कुठे आहेत. वहीत दोन रकाने ठेवावेत, ‘कागदावर’ आणि ‘मला आठवते’. दोन्ही जुळले नाहीत तर जुळवू नयेत. मुलाला आईची हिरवी साडी आठवत असेल आणि अहवालात आई दिसतच नसेल, तर साडी खोडण्याचा अधिकार कोणालाही नाही. वडील तुरुंगात आहेत, आईने समितीसमोर हक्क सोडला आहे, मुलाला लहानपणापासून कसली औषधे चालू आहेत, असे काही सांगायचे असल्यास ते गटाआधी, एकट्याला, ओळखीच्या माणसाने सांगावे. शनिवारी दुपारी तर नकोच, कारण त्यानंतर सोमवार सकाळपर्यंत बोलायला समुपदेशक नसतो. वाक्य जितके माहीत आहे तितकेच असावे. ‘तुला अमुक तारखेला पुणे स्टेशनवरून पोलिसांनी आणले. त्याआधीचे कागदावर नाही.’ यात ‘आईचा नाइलाज असेल’ ही भर घालावीशी वाटते, पण तो आपला अंदाज असतो आणि मूल तो वर्षानुवर्षे खरा मानते. ज्याच्याकडे बाळपणीचा फोटो नाही, त्याच्या वहीत इंटरनेटवरचे गोंडस बाळ चिकटवू नये. रिकामी चौकट चालते. तिथे पुढे काय करायचे ते मूल ठरवते.

सामानाबद्दल थोडे. बांधीव वही घेऊ नये. अप्पा बळवंत चौकात मिळणारी नाडीची फाइल आणि दोन भोके पाडलेली सुटी पाने सर्वांत बरी, कारण पान काढता येते, हलवता येते, फाडता येते, आणि वहीभर ओरखडे उठले तरी एकच पान जाते. एका मुलाला 180 ते 200 जीएसएमचे, म्हणजे जाडसर, वीस कागद आणि लिहिण्यासाठी वीस साधे पुरतात. पातळ कागदावर स्केचपेन मागे फुटतो. ऑइल पेस्टल शेजारच्या पानाला लागतो, म्हणून मध्ये बटरपेपर. मूळ फोटो किंवा दाखला वहीत कधीही चिकटवू नये, रंगीत झेरॉक्स लावावी. फोटो लावायचाच तर कागदी कोपऱ्यांत अडकवावा. बसची तिकिटे आणि दुकानाची बिले मशिनमधून थर्मल, म्हणजे उष्णतेने छापल्या जाणाऱ्या, कागदावर येतात, काही महिन्यांत पांढरी पडतात, त्यांचीही झेरॉक्स काढावी. आठवणींच्या वस्तूंसाठी बुटांचे खोके दिसायला छान, पण पुण्याच्या पावसाळ्यात ते दमट होते आणि कसर लागते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यावर कापड चिकटवून सजवता येते. डब्याला छोटे कुलूप हवे. एक किल्ली मुलाकडे, दुसरी मुलाच्या सहीच्या बंद पाकिटात समुपदेशकाकडे. खोलीझडतीच्या दिवशी डबा उघडायचा झाल्यास मुलासमोर उघडावा.

आवाज ध्वनिमुद्रित करायचा असेल तर फोन आधी एअरप्लेन मोडवर टाकावा, फाइलला मुलाचे नाव देऊ नये, पेनड्राइव्हवर उतरवून मुलाला द्यावी आणि फोनमधून, डिलीट झालेल्या फाइलींच्या कप्प्यातून आणि ऑनलाइन बॅकअपमधूनही काढावी. शेवटचे सर्वजण विसरतात.

गुप्ततेचे वचन देताना जपून. ‘इथले कोणालाच सांगणार नाही’ असे पहिल्या दिवशी म्हणू नये, कारण ते पाळता येणार नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा कलम 21 खाली गुन्हा आहे. त्यामुळे सुरुवातीलाच सांगावे: ‘कोणी तुला इजा केली असेल, किंवा तू स्वतःला इजा करणार असशील, तर मला मदत मागावी लागेल, आणि ती कोणाकडे मागते आहे ते तुला आधी सांगेन.’ असे काही निघाले तर खोदून विचारू नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहावेत. आपण विचारलेले सूचक प्रश्न पुढे न्यायालयात मुलाच्या जबाबावर उलटू शकतात. ज्या मुलाचा जबाब अजून व्हायचा आहे, त्याच्याबरोबर त्या घटनेवर चित्र-नाट्य काहीच घेऊ नये.

प्रदर्शनाबद्दल आमचे मत कडक आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार प्रसारमाध्यमांत मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील आणि छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चित्राखाली नाव नसले तरी त्यात गाव असते, भावंडांची संख्या असते, आणि देणगीदाराच्या फोनमधून ते संध्याकाळपर्यंत समाजमाध्यमांवर पोचते. मुलाने ‘हो’ म्हटले होते, हे उत्तर पुरेसे नाही. ज्यांच्या हातात त्याचे जेवण आणि मुक्काम आहे, त्यांनी सर्वांसमोर विचारल्यावर मूल दुसरे काय म्हणणार? पाहुण्यांना काही दाखवायचेच असेल तर मुलांनी मिळून रचलेले काल्पनिक नाटक दाखवावे, कोलाजची भिंत दाखवावी, दहीहंडीचे चित्र दाखवावे. जीवनकथेचे पान नाही.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रस्ताव मंजूर करताना किमान दहा आठवडे आणि तीच व्यक्ती ही अट घालावी. आठवड्यातला तो सव्वा तास शिकवणी, पाहुणे आणि तपासणी यांपासून मोकळा ठेवावा. वही वैयक्तिक काळजी योजनेला परिशिष्ट म्हणून जोडू नये, तिच्यातले काही अहवालात हवे असल्यास मुलाला विचारून वेगळे लिहावे. समितीने बदलीचा आदेश काढताना कपडे आणि दाखल्यांबरोबर वही व डबा मुलाच्याच पिशवीत जातील, अशी एक ओळ त्यात टाकावी. आज फाइल सरकारी टपालाने पोचते आणि वही जुन्या संस्थेच्या माळ्यावर राहते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मूल अनुरक्षणगृहात, म्हणजे अठरानंतरच्या मुलांसाठीच्या गृहात, जावो की स्वतःच्या खोलीवर, तेव्हाही हेच. जुन्या तारखा आणि पत्ते त्याला आधार कार्डापासून लग्नापर्यंत लागणार असतात.

आणि भावंडांसाठी एक सोय व्हावी. भाऊ मुलांच्या बालगृहात, बहीण मुलींच्या, अशी कुटुंबे शहरात आहेत. त्यांना तीन महिन्यांतून एकदा, दोन तास, आपापल्या वह्या घेऊन एकत्र बसवण्याची परवानगी समितीने द्यावी आणि ने-आण करायला दोन्ही संस्थांनी एकेक माणूस द्यावा. बहिणीला चूल आठवते, भावाला गल्ली. दोघांचा नकाशा एकाच कागदावर काढायला पूर्ण आकाराचे कार्डशीट लागते. ते आम्ही आणू.

आपले,
जीवनकथा उपक्रम घेणारे काही समुपदेशक आणि कलाशिक्षक,
पुणे